विचारलं त्या भाषेत

लिंदाल्वाने तोफू जपानीत मागितला आणि म्हातारीने उत्तर पोर्तुगीजमध्ये दिलं. घडलं ते एवढंच. साओ पाउलोतल्या जपानी वस्तीत, लिबेर्दादीच्या उतारावर, शनिवारची गर्दी होती, थंडी हाडात शिरत होती, दुकानाच्या काचा आतल्या वाफेने धुरकटल्या होत्या आणि रांगेतली माणसं हात चोळत उभी होती. "आपणांस तसदी देते, क्षमा असावी; घट्टसा तोफू एक मिळेल काय?" हे वाक्य लिंदाल्वा चढ चढताना मनात घोळवत आली होती. एकही अक्षर न अडखळता ते तिने उच्चारलं. काउंटरमागच्या मित्सुए म्हातारीने ओले हात फडक्याला पुसले, वर न बघता म्हणाली, "एकच ना? पिशवी आणलीय?" अगदी रस्त्यावरच्या पोर्तुगीजमध्ये, जशी ती गॅसवाल्याशी बोलते तशी. लिंदाल्वाने "हो, एकच," म्हणत पिशवी पुढे केली. तिच्यामागे एक मुलगी होती, विशीतली, जपानी चेहऱ्याची, गुडघ्यावर फाटलेली विजार घालून मोबाइलमध्ये डोकं खुपसलेली. तिला बघताच म्हातारीचा चेहराच पालटला आणि ती जपानीत सुरू झाली, जुन्या मुलखाकडच्या, रांगड्या, मळ्यात वाढलेल्या जपानीत. "काय वं पोरी, एवढ्या थंडीत उघड्या पायानं काहून हिंडते? मायनं काही शिकवलं नाही का तुले?" मुलीने खांदे उडवले. "सॉरी हां आजी, मला यातलं ओ की ठो कळत नाही." आणि लिंदाल्वाच्या तोंडातून, कुणी विचारलं नसताना, निघून गेलं, "ती म्हणतेय, एवढ्या थंडीत पाय उघडे टाकून का हिंडतेस." मुलगी खळखळून हसली. "थँक्यू हां मावशी! तुम्हाला कसं काय कळतं?" लिंदाल्वा उत्तर देणार होती, पण तिची नजर म्हातारीकडे गेली. म्हातारीचं तोंड मिटलं होतं. चोरी पकडल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला होता. चोरी आपलीच, असं लिंदाल्वा धरून चालली आणि ती बाहेर पडली.

उतारावरून खालच्या ग्लिसेरियो वस्तीतल्या घरी जाताना तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. जिला एक शब्द कळत नाही तिच्यावर भाषेचा पाऊस पाडायचा, आणि जिने रक्त आटवून ती भाषा पोटात घातली तिला गॅसवाल्याच्या रांगेत बसवायचं, हा कुठला न्याय? डोळ्यांची ठेवण बघून भाषा वाटायची असते का? पिशवीतला तोफू मांडीवर आपटत होता आणि त्याचं गार पाणी झिरपून स्कर्ट भिजत होता. तिला स्वतःचाही राग आला. कारण पिशवी पुढे करताना तिने "हो, एकच" असं म्हटलं होतं, तेही पोर्तुगीजमध्ये. म्हणजे तिनेही मैदान सोडलं होतं. पुढच्या शनिवारी असं होऊ द्यायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. म्हातारी कुठल्याही भाषेत बोलो, आपण जपानी सोडायची नाही. बघू कोण आधी दमतं ते.

खरं म्हणजे ती भाषा शिकायला बसली असं कधी झालंच नव्हतं. टेलिफोन कंपनीतून निवृत्त होऊन, नवऱ्याला मातीआड करून ती या लहान जागेत राहायला आली, तेव्हा भिंतीतल्या कपाटात आधीच्या कुटुंबाची खोकी पडली होती. कुटुंब जपानला कारखान्यात कामाला गेलं होतं, त्यांचे आजोबा जपानहून आले होते त्याच्या उलट दिशेने. घरमालक म्हणाला, टाकून द्या. खोक्यांत बायकांची जाडजूड जपानी चित्रमासिकं होती, स्वस्त खरखरीत कागदाची, आणि सकाळच्या मालिकांच्या टेप. टाकण्याआधी सहज म्हणून तिने एक अंक उघडला, तोही चुकीच्या बाजूने, म्हणजे जपानी अंक जिथे संपतो त्या पानापासून. एक बाई रेल्वेच्या फलाटावर उभी होती. समोरच्या पुरुषाला ती काहीतरी म्हणत होती आणि पुढच्या चौकटीत त्या पुरुषाचा चेहरा पार उतरला होता. काय म्हणाली असेल ती? लिंदाल्वाला त्या रात्री झोप लागली नाही असं नाही, झोप छान लागली. पण सकाळी उठल्यावरही प्रश्न तिथेच होता. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिने एक फाटका शब्दकोश आणला. मासिकात चित्रासारख्या प्रत्येक अवघड अक्षराच्या कडेला बारीक, सोपी अक्षरं छापलेली होती. त्या सोप्या अक्षरांना धरून ती एकेक पायरी चढली. ते एक वाक्य लागायला अख्खा हिवाळा गेला. "तुमच्या आईंना सांगा, मी येत नाहीये." लिंदाल्वा स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच इतकी हसली की शेजारणीने भिंत ठोठावली. शाबास बाई, ती त्या चित्राला म्हणाली. पुढे काय झालं हे कळायला मग दुसरा अंक उघडावाच लागला.

अशी ती आत शिरत गेली. नमस्कार-चमत्कार येण्याआधी तिला "मला एकटीला सोडा" हे म्हणता येऊ लागलं, आणि फळांची नावं येण्याआधी सासवांचे टोमणे. कांदा परतताना जपानचा रेडिओ, इस्त्री करताना मालिका, बसमध्ये मासिक, झोपताना त्या लोकांचे विनोदी कार्यक्रम, ज्यांत माणसं कशाला हसतात हे पहिली दोन वर्षं तिला उमगलं नाही, तरी ती ऐकत राहिली. कधी कधी घोटाळेही होत. एकदा रेडिओवरच्या बाईने काळजीच्या सुरात सांगितलं की वादळ किनाऱ्याला लागतंय, घराबाहेर काही ठेवू नका, आणि लिंदाल्वाने धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढले. बाहेर साओ पाउलोचं लख्ख ऊन होतं आणि वादळ पृथ्वीच्या पाठीवर पार पलीकडे होतं. ओल्या चादरींची गठडी छातीशी धरून ती गच्चीत उभी राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की मधे कुणीच नव्हतं. शब्दकोश नव्हता, पोर्तुगीज नव्हती, ती स्वतःही नव्हती. बाई बोलली होती आणि पाय धावले होते. एवढा शुद्ध आनंद तिला आयुष्यात फार वेळा झाला नव्हता, लग्नात तर नाहीच. कपडे तिने पुन्हा दोरीवर घातले ते शीळ घालत.

पण हा आनंद कुणाला सांगण्याजोगा नव्हता. मुलगी जुसारा रविवारी जेवायला यायची तेव्हा दारातूनच नाक मुरडायची. "आई, लोक या वयात विणकाम करतात. चर्चमध्ये जातात. तू परक्यांच्या उचापती वाचत बसतेस." "विणकामात पुढे काय होतं ते आधीच माहीत असतं," लिंदाल्वा म्हणायची. जुसारा लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करायचं काम करते आणि तिचा स्वभावही तसाच, जिथे दुखतं तिथे बरोबर अंगठा दाबायचा. "बरं, शिकलीस. मग परीक्षा दे. प्रमाणपत्र भिंतीवर लाव. आणि मला सांग, आजवर एक तरी माणूस तुझ्याशी बोललाय का त्या भाषेत? जिवंत माणूस?" लिंदाल्वाने तिच्या ताटात राजमा वाढला, लागत नव्हता तरी वाढला. कारण खरंच कुणी बोललं नव्हतं. घरात तिच्याशी रोज शेकडो माणसं बोलत होती, पण त्यांतल्या एकालाही ती ऐकू जात नव्हती. जुसाराच्या आग्रहाखातर ती एकदा संध्याकाळच्या वर्गातही जाऊन आली होती. नागाता नावाचा तरुण मास्तर होता, गोड स्वभावाचा. त्याने तिला दोन वाक्यं बोलायला लावली आणि तो हसू दाबत म्हणाला, "बाई, तुम्ही जुन्या मालिकेतल्या नायिकेसारख्या बोलता. असं कुणी बोलत नाही. ही भाषा नव्हे. हे सगळं विसरून पायापासून सुरुवात करू या." पाया जमिनीखाली असतो, मी वर राहते, असं उत्तर तिला घरी पोचल्यावर सुचलं. वर्गाचं पुन्हा तोंड पाहिलं नाही. विसरायचं? त्या फलाटावरच्या बाईला विसरायचं? आपल्याजवळ आहे ते अस्सल आहे की नाही हे तिला कुणा मास्तराकडून नको होतं. एका जिवंत माणसाने एकदा, फक्त एकदा, विचारल्या भाषेत उत्तर दिलं की पुरे. ते मात्र हवं होतं. हावरटासारखं हवं होतं.

म्हणून शनिवारचं युद्ध सुरू झालं. ती जपानीत मागायची, म्हातारी पोर्तुगीजमध्ये द्यायची. ती जपानीत थंडीबद्दल बोलायची, म्हातारी पोर्तुगीजमध्ये "हं" म्हणायची, आणि "हं"सुद्धा पोर्तुगीज वाटावं असं म्हणायची. लिंदाल्वाने मुळ्याचं पिवळं लोणचं किती दिवस मुरवतात ते विचारलं, म्हातारीने डबा पुढे सरकवला. रांगेतल्या लोकांना ही करमणूकच झाली. "मावशी, तुम्ही हरणार," असं एक भाजीवाला दर खेपेला सांगे. दोघीही हट्टाला पेटल्या होत्या, आणि लिंदाल्वाला एक गोष्ट मान्य करावी लागली की म्हातारी तोडीस तोड आहे. कारण तिला सगळं कळत होतं. एकदा लिंदाल्वा मागे वळून स्वतःशीच जपानीत पुटपुटली, "दगडाला पाझर फुटेल, हिला नाही," तेव्हा म्हातारीच्या हातातला झारा क्षणभर थांबला होता. आणि त्याच वेळी प्रत्येक जपानी चेहऱ्याच्या पोरापोरीशी तिचं अखंड चाललेलं असायचं. लग्न कधी करते, केस काहून रंगवले, बाप कसा हाय. पोरं हसून मान डोलवत आणि काही न कळता निघून जात. लिंदाल्वा ते सगळं कान देऊन ऐकायची. म्हातारीच्या जपानीत बटाटा, बादली, चावी हे शब्द इथले पोर्तुगीज होते, आणि क्रियापदांची शेपटं कुठल्या तरी खेड्यातली, रेडिओवर कधी न ऐकलेली. ती भाषा कुठल्याच मासिकात नव्हती. तिला वाटे, ही एवढी मोठी भाकर अशी वाया चाललीय, आणि मी इथे उपाशी उभी आहे.

मग एका शनिवारी लिंदाल्वाच्या पुढे एक पुरुष उभा होता, किरकोळ बांध्याचा, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, इस्त्रीचं जाकीट. नुकताच जपानहून आला असावा, कारण सुट्टे पैसे तो तळहातावर ठेवून परकेपणाने निरखत होता. त्याची पाळी आली तसा तो किंचित वाकला आणि म्हणाला, "ताजं सोयादूध मिळेल का?" साफ, गुळगुळीत जपानी, रेडिओवरच्यासारखी. लिंदाल्वाने ओठ आवळले. आता ही म्हातारी कशी उमलते ते बघायचं होतं. म्हातारी खाली बघत पोर्तुगीजमध्ये म्हणाली, "लहान की मोठी बाटली?" पुरुष गोंधळला. त्याने तेच हळूहळू, तोडून तोडून विचारलं. म्हातारीने दोन्ही बाटल्या काउंटरवर ठेवल्या आणि पोर्तुगीजमध्येच विचारलं, "यातली कुठली?" लिंदाल्वा बघतच राहिली. या माणसाच्या चेहऱ्यात तर काही कमी नव्हतं. म्हणजे इतके दिवस ज्या रागावर ती जगत होती त्या रागाला बूडच नव्हतं. पायाखालची एक पायरी नाहीशी व्हावी तसं तिला झालं. ती पुढे सरकली आणि, हट्ट धरल्यापासून पहिल्यांदाच, म्हातारीशी पोर्तुगीजमध्ये बोलली. "आजी, तुम्हाला येतं. मी ऐकलंय. सगळ्या पोरापोरींशी बोलता."

"त्या पोरांना कळतं का?" म्हातारी म्हणाली.

"नाही."

"मग!"

पुरुष एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. मागून कुणी तरी म्हणालं, "अहो आटपा की." म्हातारीने झारा खाली ठेवला. तिचा आवाज खाली आला होता, पण राग त्यात मावत नव्हता. "मी इथल्याच कॉफीच्या मळ्यात जन्मले. आईच्या पोटातून तीच भाषा घेऊन आले. महायुद्धात इथल्या सरकारने तिच्यावर बंदी घातली, वडलांनी पुस्तकं विहिरीमागे पुरली, तरी आम्ही घरात तीच बोललो, पांघरुणात तोंड घालून. मुलांना वाढवलं तिच्यात. म्हातारपणी मुलगा म्हणाला, चल, तुला जपान दाखवतो. तो तिकडे कारखान्यात होता. गेले. एके दिवशी औषधाच्या दुकानात गेले, गुडघ्याला मलम हवं होतं. मलमाचं मी जपानीत सांगितलं. काउंटरवरची पोर, एवढीशी, टाळ्या वाजवून म्हणते काय, 'आजी, तुम्ही जपानी किती छान बोलता हो! कुठून शिकलात?'" म्हातारीने फडकं पिळलं, त्यात पाणी नव्हतं तरी पिळलं. "शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. शाबासकी दिली मेलीने! परक्या बाईला देतात तशी. त्या दिवसापासून ज्याला कळतं त्याच्यापुढे तोंड उघडत नाही. आणि तुला तर फारच कळतं, बाई."

लिंदाल्वाच्या कानात टेलिफोन कंपनीतल्या हेडफोनची घरघर सुरू झाली. उत्तरेकडच्या पाराईबाच्या वैराण मुलखातून, पातोसजवळच्या एका गावातून ती या शहरात आली होती, आणि तिच्या तोंडात तिथलीच ताणून, हेल काढून बोलायची भाषा होती. देखरेख करणारी युनिसबाई तिला आरशासमोर बसवून एकेक स्वर छाटायला लावायची. "ग्राहकाला वाटलं पाहिजे तू कुठलीच नाहीस." लिंदाल्वा रोज छाटत गेली. एके दिवशी युनिसबाईने पाठीवर थाप मारली, "छान! आता तू कुठली ते कळतच नाही." तिला पेढा मिळाल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. पुढे गावाकडच्या टपालघरातून आईचा फोन आला. लिंदाल्वा दोन वाक्यं बोलली आणि पलीकडून आई म्हणाली, "बाई, जरा माझ्या लेकीला बोलवता का?" थट्टा करत होती आई, थट्टेची सवयच होती तिला. पण मग तिने लवकरच फोन ठेवून दिला. शाबासकी! लिंदाल्वाला आत्ता, इतक्या वर्षांनी, त्या थापेची जागा पाठीवर चुरचुरली. इतक्या लोकांनी इतक्या गोड तोंडाने माणसांच्या जिभा कापल्या आणि माणसांनी वर त्यांचे आभार मानले! काही शहाणपणाचं बोलावं असं तिच्या मनात होतं. तोंडातून निघालं ते भलतंच, आणि भलत्याच भाषेत. पाराईबाच्या.

"आवं आज्जे, हसत्यात तर हसू द्या की! शाबास म्हनत्यात तर म्हनू द्या! त्यांच्या बाचं काय जातंय? जीभ तुमची हाय, ती हलवाया त्यास्नी इचारायचं व्हय?"

रांगेत हशा फुटला. "अरेच्चा, ही तर उत्तरेकडची निघाली!" भाजीवाला ओरडला, आणि कुणी तरी तिच्या हेलाची नक्कलही केली. लिंदाल्वा गर्रकन वळली. तिचे कान तापले होते, पण जीभ थांबायला तयार नव्हती. तिला त्या बोलीचा स्वाद आठवला होता. "व्हय, पाराईबाची! पातोसची! कुनाच्या पोटात दुखतंय?" कुणाच्याच दुखत नव्हतं बहुधा. नक्कल करणाऱ्याने हातातल्या छत्रीकडे बघायला सुरुवात केली. म्हातारी मात्र तिच्याकडे टक लावून पाहत होती, जणू ही बाई आत्ताच दारातून आत आली होती. मग तिने फडकं खांद्यावर टाकलं, कंबर जरा सरळ केली आणि ती कंपनीच्या माणसाकडे वळली.

"पाहाय बापू," ती जपानीत म्हणाली, मळ्यातल्या, विहिरीमागच्या जपानीत, दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात. "हे दूध आजच्या आज पे, उद्या आंबते. मोठी बाटली नोको नेऊ, एकटा दिसतं तू. बादलीत गार पानी घाल अन् त्यात ठेव. अन् असा मधात नोको उभा राहू, मागं लोकं हायेत."

माणूस थक्क होऊन ऐकत होता. पोर्तुगीज बादली तेवढी त्याला कळली नसावी. मग त्याचा चेहरा हळूहळू खुलला आणि तो, मनापासून, अगदी भल्या मनाने, वाकून म्हणाला, "आजी, तुम्ही जपानी किती छान बोलता!"

लिंदाल्वाला वाटलं, झालं, आता हे दार कायमचं लागलं. म्हातारीच्या गालावरची एक शीर उडाली. तिने लहान बाटली पुसली, त्याच्या हातात दिली.

"तू बी काई वाईट नाही बोलत, बापू," ती म्हणाली. "इथं थोडा राह्यला का सुधरन."

माणूस आभार मानत, पुन्हा पुन्हा वाकत बाहेर पडला. त्याला काय मिळालं ते त्याला कळलं नाही आणि त्याची गरजही नव्हती. म्हातारी लिंदाल्वाकडे वळली. दोघींमध्ये काउंटर होतं, वाफ होती, ओल्या लाकडाचा आणि शिजलेल्या सोयाबीनचा वास होता.

"अन् तुले काय पाह्यजे?" म्हातारीने विचारलं. जपानीत.

लिंदाल्वाने आपल्याजवळ होती तीच भाषा काढली, खरखरीत कागदावरची, टेपमधली, इस्त्रीच्या वाफेत मुरलेली. "आपणांस तसदी देते, क्षमा असावी; घट्टसा तोफू एक मिळेल काय?"

म्हातारीने कमरेवर हात ठेवले. तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला.

"अशी कोन बोलते वं?"

"मी बोलते," लिंदाल्वा म्हणाली.